एका घरच्या दोघी आणि तिसरी जागा

एका वडिलांनी माझ्यापुढे मुलाची पत्रिका उलगडून ठेवली होती. तीत परदेशगमनाचा योग ठळक होता आणि त्यावर त्यांनी लाल पेनाने गोलही केला होता. "मॅडम, वर सगळं ठरलेलं आहे, फक्त तुमचा होकार राहिलाय," असं ते इतक्या विश्वासाने म्हणाले की आपण ग्रहांच्या आड येतोय की काय, असं क्षणभर मलाच वाटलं. चिरंजीव बाहेर मोटारसायकलवर बसून वडापाव खात होते. त्यांना बॅकहँड येत नव्हता आणि पत्रिकेत बॅकहँडचा काही उल्लेख नव्हता.

परभणीच्या एका मुलींच्या शाळेत मी खेळाची बाई होते. तरुणपणी स्वतः टेनिस खेळले, लग्नानंतर शिकवलं आणि नोकरी संपत आली तेव्हा कनिष्ठ गटाच्या निवडसमितीवर माझी वर्णी लागली. मराठवाड्यातलं कुणीतरी हवं, त्यातही बाई हवी आणि फारसं न बोलणारी हवी, असा विचार करून मला घेतलं असणार. तिसऱ्या बाबतीत त्यांची साफ फसगत झाली. आमच्याकडे 'मी टेनिस शिकवते' म्हटलं की समोरचा हमखास विचारायचा, "टेबल शाळेतच आहे का?" अशा ठिकाणाहून उठून चौदा वर्षांखालच्या भारतीय संघात कोण जाणार, हे ठरवणाऱ्या तिघांत जाऊन बसायचं, याचा मला अभिमान होता. तो मी कधी लपवलाही नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, निवड म्हणजे काय, जो जिंकेल त्याला घ्यायचं. तसं असतं तर समिती कशाला हवी, गुणफलक पुरला असता. परदेशातल्या सांघिक स्पर्धेला मुलींचा जो संघ जातो तो तिघींचा. त्यातल्या दोघी वर्षभराच्या निकालांवरून बहुधा आपोआप ठरतात. खरी ओढाताण असते ती तिसऱ्या जागेसाठी. त्यासाठी चाचणी होते आणि आम्ही तिघं कोर्टाच्या कडेला खुर्च्या टाकून बसतो. चेंडूकडे बघत बसणारा माणूस या कामाचा नाही, चेंडू तर सगळेच बघतात. मी पाय बघते. गुण गेल्यावर मुलगी काय करते ते बघते. रॅकेटच्या तारा नीट करते, की आईकडे बघते? गेलेला गुण तिथेच सोडते, की पुढच्या गुणाला बरोबर घेऊन जाते?

आणि मी त्यांना जेवताना बघते. हे मला पालमच्या एका मुलाने शिकवलं. त्याच्या हातात असा फटका होता की बघत राहावं. आम्ही त्याला एकमताने निवडलं. तिकडे गेल्यावर पठ्ठ्याने भाकरी नाही म्हणून अन्नच सोडलं, बिस्किटांवर राहिला आणि भर सामन्यात चक्कर येऊन खाली बसला. परत आल्यावर त्याची आई एसटीने परभणीला आली आणि मला म्हणाली, "मॅडम, त्याला जवारीबिगर जमत न्हाई, हे तुमी आमाला इचारलंच न्हाई." खरंच विचारलं नव्हतं. तेव्हापासून शिबिरात मी मुलांच्याच पंगतीला बसते आणि कोण काय पानात टाकतं ते बघते.

पण एवढी वर्षं बघण्यात घालवूनही जे मला कधी बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं, ते आमच्याच परभणीत, एका तिसऱ्या जागेच्या चाचणीत बघायला मिळालं.

सेलूजवळच्या एका गावात दत्तराव नावाचा माझा जुना विद्यार्थी राहतो. उन्हाळी शिबिरात माझ्याकडे टेनिस शिकला आणि पुढे सेलूच्या शाळेत खेळाचा शिक्षक झाला. घर एकत्र, शेती बरी, घरात वडिलांचा शब्द शेवटचा. या वडिलांना सगळं गाव आबा म्हणतं. मळणीयंत्र थेट शेतात जायला लागल्यापासून त्यांचं खळं रिकामं पडलं होतं. दत्तरावाने परवानगी काढली, खळं पुन्हा चोपून सारवून घेतलं, दोन डांब रोवून जाळी बांधली, फक्कीने रेघा मारल्या आणि घरातल्या दोन पोरींना शिकवायला लागला. थोरली ऋतुजा ही त्याची स्वतःची मुलगी आणि धाकटी मयुरी त्याच्या भावाची. सारवलेल्या खळ्यावर चेंडू उसळत नाही, खालून सरपटत येतो. त्यामुळे या पोरी गुडघ्यात वाकायला शिकल्या. शहरातल्या पोरींना ते शिकवताना प्रशिक्षक बेजार होतात.

संध्याकाळी आबा खळ्याच्या कडेला बाज टाकून बसायचे. चेंडू आत पडला की बाहेर, यावरून पोरींचं भांडण जुंपलं की आबा फैसला द्यायचे आणि दोघी तो मुकाट्याने मान्य करायच्या. मी एकदा गेले होते तेव्हा हे पाहून मला फार कौतुक वाटलं होतं.

त्या वर्षी पुण्याच्या शिबिरातून तिसऱ्या जागेसाठी नेमक्या या दोघी उरल्या. सगळ्या कसोट्यांत बरोबरीत. त्यांच्या खाली चेन्नईची एक मुलगी होती. आमचे अध्यक्ष पुण्याचे, वयाने आणि दराऱ्यानेही मोठे, सगळे त्यांना मोठे सरच म्हणायचे. ते म्हणाले, "दोघींना आईबापांसकट पुन्हा इकडे कशाला आणायचं? आपणच परभणीला जाऊ. एक सामना खेळवू आणि निकाल लावू." समितीतल्या तिसऱ्या म्हणजे नागपूरच्या एक बाई. त्यांनी मान हलवली. मला तर आनंदच झाला. दोघी माझ्याच जिल्ह्यातल्या, एकाच घरातल्या. माझ्यावर पक्षपाताचा आरोप यंदा तरी होणार नाही, म्हणून मी अगदी निर्धास्त होते.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ऋतुजाचं त्या गटातलं ते शेवटचं वर्ष होतं. मयुरीला अजून एक वर्ष मिळणार होतं. आमच्या नियमांत हा फरक कुठेच धरला जात नाही. कोर्टावर त्या दिवशी कोण बरी, एवढंच बघायचं.

मार्च महिना होता आणि सकाळीच ऊन टोचायला लागलं होतं. सामन्याआधी मी सगळ्यांना उभं करून बजावलं, "मधल्या वेळातसुद्धा खेळाडूंशी कुणीही बोलायचं नाही. दत्तराव, तूसुद्धा नाही. दोघी तुझ्याच आहेत." दत्तरावाने कानाला हात लावला आणि लांब जाऊन बसला. घरची बाकी मंडळी जीपने निघाली होती, पण जीप वाटेत बंद पडली असा त्याला फोन आला होता.

पहिला सेट मयुरीचा झाला, सहा-तीन. ही पोर चणीने बारीक, डावखुरी, आणि चेंडू कुठे येणार हे तिला जरा आधीच कळतं. ऋतुजाचा फटका दणकट, पण त्या दिवशी मयुरी तिला नुसती पळवत होती. गुण मिळाला की मयुरी स्वतःशीच हसायची. मोठे सर माझ्याकडे झुकून म्हणाले, "बाई, हिला पाहायला एवढ्या लांब आलो ते वसूल झालं." मी वरवर गंभीर चेहरा ठेवला, पण आतून फुलले होते.

दुसरा सेट सुरू होतो तोच जीप आली. आबा उतरले. पांढरं धोतर, डोक्याला पटका, हातात काठी. मागे दोघींच्या आया. आबांना सगळ्यात पुढची, जाळीच्या कुंपणाला लागून असलेली खुर्ची दिली. मयुरी तेव्हा सर्व्हिस करायला उभी होती. तिने आबांकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

पहिली सर्व्हिस बाहेर. दुसरीही बाहेर. पुढच्या गुणाला पुन्हा तेच. घरची माणसं आली की मुलं गडबडतात, हे मी नेहमी पाहते, म्हणून मी पहिल्या गेमला फार लक्ष दिलं नाही. तिच्या सर्व्हिसच्या दुसऱ्या गेमला मात्र मी पुढे सरकून बसले. घाबरलेल्या मुलाची सर्व्हिस कशी बिघडते ते मला पाठ आहे. आधी चेंडू वर टाकणारा हात कापतो, चेंडू वाकडा जातो, मग बाकीचं अंग त्याच्यामागे धावतं आणि फटका जाळीत बसतो. मयुरीचा चेंडू वर अगदी सरळ, रोजच्या जागी जात होता. पाय जागच्या जागी. अंग सैल. फक्त शेवटच्या क्षणी मनगट जरासं उघडं राहत होतं आणि चेंडू दर वेळी तेवढाच बाहेर पडत होता. घाबरलेलं पोर इतकं व्यवस्थित चुकत नाही. ही पोर मुद्दाम हरत होती.

सेट ऋतुजाने सहा-दोन घेतला. तिला काहीच कळलं नव्हतं. ती मूठ आवळून स्वतःला शाबासकी देत होती, ते बघून मला फार वाईट वाटलं.

ऊन फार असलं की तिसऱ्या सेटच्या आधी मुलांना दहा मिनिटं विश्रांती देतात. पोरी सावलीत गेल्या. मोठे सर समोर बघतच म्हणाले, "बाई, तुम्हाला जे दिसलं ते मलाही दिसलंय."

"हो सर."

"जाणूनबुजून हरणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. असल्या सामन्याचा निकाल मी धरणार नाही. दोघींची नावं काढावी लागतील आणि चेन्नईला फोन करावा लागेल."

"मला घरच्यांशी बोलू द्या. खेळाडूंशी नाही बोलत."

त्यांनी मान हलवली. मी उठून आबांकडे गेले.

"या मॅडम," आबा खुर्चीवरून अर्धे उठले. "बसा. उन्हाचा लय तरास व्हायलाय तुमाला."

"आबा, मयुरीला बरं नाही का?"

"तिला काय होतंय? ठणठणीत हाय." मग त्यांनी मान जवळ आणली आणि आवाज खाली घेतला. "तुमी काई फिकीर करू नका. आमी घरातच फैसला करून टाकलाय."

"कसला फैसला?"

"कोन जायचं त्याचा. थोरलीचं हे शेवटचं साल हाय म्हणं. मग थोरली आधी जाईल, धाकटी पुढच्या साली. मयुरीला जवळ बसवून समजावून सांगितलं. गुणाची पोर, मान डोलावली तिनं. दोघी आमच्याच हायेत, मॅडम. तुमी इतक्या लांबून यायचं, उन्हात बसायचं, डोकं चालवायचं... म्हणलं, तुमचं काम जरा हलकं करावं."

त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान होतं. आम्हाला मदत केली असंच त्यांना वाटत होतं. भावकीत बांधाचा वाद निघाला की तो बाहेर जाण्याआधी घरात मिटवायचा, ही त्यांची रीत. भारताच्या संघातली जागा त्यांनी त्याच रीतीने, जेवणं झाल्यावर, बाजेवर बसून मिटवून टाकली होती. मला हसूही येत होतं आणि रागाने कानशिलं तापली होती.

"आबा, हे लग्न नाही, आधी थोरलीचं उरकायला. पुढच्या वर्षी मयुरीला घ्यायला तुम्ही आहात का समितीवर? पुढच्या वर्षी देशभरातून नव्या पोरी येतील. आणि आज ती मुद्दाम हरतीये, हे आम्हाला दिसलंय. असंच चाललं तर दोघी बाद. तुमच्या घरातलं कुणीच जाणार नाही."

आबांचा हात काठीवर घट्ट झाला. "दोघी बाद? थोरलीनं काय केलं?"

"काहीच नाही. तिला हे माहीत आहे?"

"न्हाई. लय तापट हाय ती. तिला सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं."

"मग आता काय करायचं?"

"आता कसं करू?" आबा पहिल्यांदाच गडबडले. "पोरीशी बोलायचं न्हाई, हे तुमीच सांगितलंय म्हणं. आन् मॅडम, बोललेला शब्द चार मानसांत मागं घेतला, तर उद्या घरात माझं कोन ऐकल?"

नियम मीच घातला होता आणि आबांना शब्द मागे घेण्याची सवय नव्हती. तेवढ्यात खुर्चीवरच्या पंचाने वेळ पुकारली.

परत येऊन मी सरांना आणि नागपूरच्या बाईंना जे ऐकलं ते सगळं सांगितलं. नागपूरच्या बाई त्या दिवशी पहिल्यांदाच बोलल्या, "अरे देवा." सरांनी खिशातलं पेन काढून मांडीवर ठेवलं. "पहिले तीन गेम बघतो," ते म्हणाले. "सुधारली तर मी काही पाहिलं नाही. नाही सुधारली, तर मला लिहावंच लागेल."

पहिला गेम गेला. मयुरीचे चेंडू बाहेर, पुन्हा बाहेर. मी देवाला फारशी हाक मारत नाही, पण तेव्हा मारली. दुसऱ्या गेमच्या मध्यावर मला जाणवलं की ऋतुजा वेगळं काहीतरी करतेय. ती मूठ आवळेनाशी झाली होती. चांगला मारता येण्यासारखा चेंडू तिने मारला नाही, हळूच मधोमध टाकला, अगदी मयुरीच्या डाव्या हाताच्या पट्ट्यात. मयुरी असला चेंडू झोपेतही सोडत नाही. तिने तो जाळीत घातला. तिसऱ्या गेमला ऋतुजाने पुन्हा तसाच चेंडू दिला. मयुरीने पुन्हा जाळीत घातला.

ऋतुजा जागच्या जागी उभी राहिली. रोज संध्याकाळी ज्या मुलीबरोबर खेळून ती मोठी झाली, तिला ती आमच्यापेक्षा जास्त ओळखत होती.

तीन-शून्य. बाजू बदलायची वेळ. सरांनी पेनाचं टोपण काढलं.

"सर," मी म्हटलं, "एवढी बाजू बदलू द्या."

त्यांनी पेन कागदाला लावलं नाही. पोरींच्या बाकड्यावर ऋतुजा बसलीच नाही. ती मयुरीपुढे जाऊन उभी राहिली. तिचा आवाज आमच्यापर्यंत आला. "मयुरे, माझ्याकडं बघ. खरं सांग."

मयुरीने बघितलं नाही. तिची मान आधी खाली गेली आणि मग, नको नको म्हणताना, डोळे कुंपणाकडे वळले. ऋतुजाने तिच्या नजरेमागे नजर नेली. पुढच्या खुर्चीत आबा होते.

ऋतुजा रॅकेट बाकड्यावर ठेवून सरळ कुंपणाकडे चालत गेली. तिच्या आईने पदर तोंडाला लावला. ऋतुजा कुंपणाच्या अलीकडे, आबांच्या समोर उभी राहिली. तिचा आवाज स्वच्छ होता.

"आबा, उठा."

"काय गं?"

"उठा आन् भाईर जाऊन बसा. तुमी समोर हायेत तवर ही खेळायची न्हाई."

पंचाने वेळ पुकारली. ती हलली नाही. मागून दत्तराव उठला. "ऋतू, आबांशी असं..."

"बाबा, तुमी खाली बसा."

पंचाने तिला उशीर केल्याबद्दल ताकीद दिली. त्या घरात आबा बसलेले असताना बायका समोरून जातही नाहीत. आणि नुकतं चौदावं लागलेली पोर त्यांना चारचौघांत खुर्चीवरून उठवत होती, तेही ज्या फैसल्यात तिचाच फायदा होता त्याच्यासाठी. आबा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता काठी आपटतात. त्यांनी काठी टेकली, हळूच उठले, कुणाकडेही न बघता फाटकातून बाहेर गेले आणि रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली उभे राहिले.

ऋतुजा परत आली. जाता जाता मयुरीला म्हणाली, "चल, खेळ. रोजच्यासारखी खेळ."

मोठ्या सरांनी पेनाला टोपण लावलं.

त्यानंतर जे झालं त्याला मी सामना म्हणते. मयुरी डोळे पुसत पुसत खेळायला लागली आणि दोन गुणांतच तिला रडायची आठवण राहिली नाही. पण ते तीन फुकटचे गेम ऋतुजाच्या खात्यावर होतेच आणि तिने ते परत वगैरे दिले नाहीत. देण्याचा तिचा स्वभावही नाही. ती जीव तोडून खेळली. पाच-तीन तिच्याकडे झाले. आणखी एक गेम आणि ती परदेशी जाणार होती. कोण जिंकावं, हे तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. निवडसमितीवर बसून मी इतकी कधी दमले नाही.

मयुरीने तो गेम वाचवला. मग पाच-पाच. मग सहा-पाच मयुरी. शेवटच्या गुणाला मयुरीने लांबवर मारण्याचा आव आणला आणि चेंडू हलकेच जाळीजवळ सोडला. ऋतुजा मागच्या रेघेवर होती. तो चेंडू सोडून देण्यासारखाच होता. ती धावली. मी पाय बघते म्हणून सांगते, इतके पळणारे पाय मी क्वचित पाहिलेत. रॅकेट चेंडूला लागली, चेंडू जाळीच्या पट्टीवर बसला, क्षणभर थांबला आणि तिच्याच बाजूला पडला. ती जाळीत अडकून खाली बसली.

मयुरीने रॅकेट टाकली आणि तिच्याजवळ खाली बसून रडायला लागली. ऋतुजाने तिला हाताला धरून उठवलं, स्वतःही उठली आणि नियमाप्रमाणे हात मिळवला. मग तिने पंचाशीही हात मिळवला.

आम्हा तिघांत बोलण्यासारखं फार नव्हतं. मयुरीचं नाव लिहिलं गेलं. मी सरांना विचारलं, "आणि मधलं जे झालं ते?" ते चष्मा पुसत म्हणाले, "लिहायचं तर कुणाविरुद्ध लिहू, बाई? आजोबा काही आपले खेळाडू नव्हेत." नागपूरच्या बाईंनी पुन्हा मान हलवली.

मयुरीला मी नंतर जवळ घेऊन विचारलं, "पहिला सेट तर झकास खेळलीस, मग तेव्हा का नाही हरलीस?" ती नाक ओढत म्हणाली, "पहिल्या सेटला इसरूनच गेले होते, बाई. आबा दिसले आन् आठवलं." यावर हसावं की रडावं ते मला कळेना, म्हणून मी तिला पाणी दिलं.

आबा लिंबाखालीच होते. मी जाऊन निकाल सांगितला. "थोरलीनं मला उठवलं, मॅडम," ते म्हणाले. "आजवर कुनी उठवलं न्हवतं." रागावलेत का, ते बघायला मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. राग नव्हता. ते पुन्हा पुन्हा कोर्टाच्या फाटकाकडे बघत होते, आत जावं की नको याचा अंदाज घेत. मीच त्यांना म्हटलं, "चला आत, आता कुणी उठवणार नाही."

मयुरी त्या वर्षी संघाबरोबर गेली आणि आपल्यापरीने चांगली खेळली. ऋतुजा मोठ्या गटात गेली, तिथे चुरस फार. अजून खेळते, पण परदेशी जाण्याची संधी तिला पुन्हा आलेली नाही, आणि याची मला अजूनही चुटपुट लागते. त्या दिवशी कोर्टावर आम्ही तिघं बघायला बसलो होतो, पण जे करायला हवं होतं ते तिने केलं आणि आम्हाला तिला काहीच देता आलं नाही. आमच्या कसोट्यांत पाय आहेत, मनगट आहे, दम आहे. तिने जे केलं त्याला त्यांत जागा नाही. मी समितीत ते दोनदा बोलले. ऐकून घेतलं गेलं, इतकंच.

त्या दुपारी मंडळी जीपमध्ये बसत होती तेव्हा ऋतुजा नळावर तोंड धूत होती. बराच वेळ धूत होती. मी मागे जाऊन उभी राहिले.

"ऋतुजा, तू गप्प बसली असतीस तर..."

"तर सरांनी दोघींला काढलं असतं. बाबांनी सांगितलं मला आता."

"ते तुला तेव्हा कुठे माहीत होतं? तुझ्या हिशेबाने तर तूच जाणार होतीस."

तिने नळ बंद केला. डोळे लाल झाले होते आणि आता ते लपवायचं तिने सोडून दिलं.

"मला लय जायचं होतं, बाई," ती म्हणाली. "लय म्हणजे लय." मग ओल्या हाताने तोंड पुसलं, जीपकडे बघितलं आणि नाक ओढून म्हणाली, "पण तिकडं गेल्यावर समोरच्या पोरींला हारा म्हणून सांगायला आबा थोडेच येनार होते?"